ताईच्या अंगातली मारेकरी

मी एक टी-पेशी बोलतेय. मारणं हे माझं काम.

माझा जन्म एका माणसाच्या हाडांच्या मज्जेत झाला. शिक्षण त्याच्याच छातीत, हाडामागच्या छोट्या ग्रंथीत. शाळा कसली, कत्तलखाना! ज्यांना घरच्या पेशी वाचताच आल्या नाहीत त्या मेल्या. ज्या घरच्यांवरच धावून गेल्या त्याही संपवल्या गेल्या. मोजक्याच आम्ही जिवंत बाहेर पडलो.

मला डोळे नाहीत. प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचा तुकडा अंगावर धरून दाखवते. तो मी चाचपते. घरचा असला तर पुढे जाते. परका असला, ज्याला डॉक्टर प्रतिजन म्हणतात, तर त्या पेशीला भोकं पाडून आत विष सोडते. ती फुटायच्या आत मी पुढच्या दारात.

आमच्यातच काही आवरणाऱ्या बहिणी असतात. आम्ही पेटलो की त्या म्हणतात, ‘बास, पुरे झालं.’ त्या नसत्या तर आम्ही घर जाळूनच थांबलो असतो.

त्या माणसाच्या ताईला रक्ताचा कॅन्सर झाला. “भावाचं छान जुळतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याची मज्जा काढली आणि तिच्यासोबत आम्हालाही पिशवीतून ताईच्या शिरेत सोडलं.

“गुंड्या, आता मीही तुझ्यासारखी चिडकी होणार,” ताई भावाला म्हणाली.

“होतीसच की!”

कॅन्सरच्या पेशी आम्ही शोधशोधून फोडल्या. मग तिच्या कातडीला हात लागला. तुकडा जवळजवळ घरचाच. जवळजवळच. तेवढा फरक आम्हाला पुरला. तळहात सोलले, आतडी रक्ताळली. आवरणाऱ्या बहिणी थोड्या, आमची झुंड मोठी. औषधांनी आमच्यातल्या कित्येकींना लोळवलं. उरलेल्या थांबल्या नाहीत.

“लहानपणी चिमटे काढायचास, आता आतून काढतोस होय रे?” ताईनं विचारलं.

भाऊ हसला नाही. “माझंच रक्त गं, ताई...”

“गप. मग कॅन्सर कोणी मारला?”

आज ती बोलत नाही. भावानं हातमोजा काढून तिचा सोललेला तळहात अलगद धरलाय. त्या कातडीपलीकडे माझं घर आहे. तिथली प्रत्येक पेशी माझ्या ओळखीची. इकडे ताईचं हृदय मंदावतंय आणि आम्ही अजून मारतोच आहोत.

बाबा रे, तुझ्या छातीतल्या शाळेत आम्हाला परकं ओळखायला शिकवलं. ताई म्हणजे कोण, ते कोणी शिकवलं नाही. ते तुला ठाऊक आहे.

हात सोडू नकोस.