जीनत माझ्यात उभी राहिली

मित्रांनो, मी मावळच्या दिवाणी कोर्टातला साक्षीदाराचा जुना पिंजरा आहे. महिपती सुतारांनी मला सागवानातून घडवलं, तेव्हा न्यायाधीशसाहेबांनी कठड्यावर थाप मारून "भक्कम झालाय!" अशी शाबासकी दिली होती. बांधाची भांडणं, वाटण्यांचे दावे ऐकत वर्षं गेली. मग माझी पायरी डुगडुगू लागली. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवू लागले.

अशातच घोरावाडीची जीनत कोर्टाची पायरी चढली. लोणावळ्याच्या एका हॉटेल कंपनीनं तिला आपल्या परदेशातल्या हॉटेलात धुलाईच्या कामाला नेलं होतं. तिथं तिचा पासपोर्ट काढून घेतला, रोज खोलीला बाहेरून कुलूप घातलं. "घरी जाऊ द्या," म्हणाली, तेव्हा मुकादमानं तिच्या हातावर तापलेली इस्त्री टेकवली. सोबत काम करणाऱ्या एका बाईनं कुलूप काढलं म्हणून ती सुटली आणि आपल्या वकिलातीच्या मदतीनं मायदेशी आली.

कंपनीचे वकील म्हणाले, "घडलं ते परदेशात. दावाही तिकडेच करावा."

तारखांवर तारखा पडल्या. जीनत बाकावर बसून माझ्याकडे बघायची, पण तिला कुणी बोलवायचं नाही. एकदा तिनं सोबतीला आलेल्या शेजारच्या भागुबाईंना हळूच विचारलं, "मावशी, मला पुन्हा त्या देशात जावं लागेल का हो?"

"न्हाई गं पोरी! आपलं गाऱ्हानं हितंच ऐकत्याल. मी हाय ना संगं."

अखेर जीनतच्या वकील शुभदाताई उभ्या राहिल्या. "साहेब, कंपनी इथली, भरती इथली, तिकडचे हुकूमही इथूनच सुटायचे. मग हिनं न्यायासाठी परमुलखात का जायचं?"

साहेबांनी निर्णय दिला, "कंपनीचं मुख्य कार्यालय आमच्या हद्दीत आहे. दावा इथेच चालेल."

पुढच्या तारखेला जीनत माझ्यात उभी राहिली. तिनं माझा कठडा घट्ट धरला.

"सावकाश सांगा," साहेब म्हणाले.

"मी काही गुन्हा केला नव्हता, साहेब. मला फक्त घरी यायचं होतं."

एवढं बोलली आणि तिचा आवाज मोकळा झाला. मग ती थांबलीच नाही. कंपनीच्या वकिलांनी उलटसुलट विचारलं, तरी ती डगमगली नाही.

निकाल तिच्या बाजूनं लागला. कंपनीला जबाबदार धरून भरपाईचा हुकूम झाला. भागुबाईंनी शिपायापासून वकिलांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. पुढं त्याच हॉटेलात राबलेल्या आणखी दोघी धीर करून आल्या. आता मी समाधानी आहे.

मित्रांनो, माझी डागडुजी जरूर करा. पण त्याआधी माझ्यापर्यंत येणारी वाट मोकळी ठेवा. दुखावलेल्या माणसाला "तिकडे जा" म्हणू नका. "ये, बोल" म्हणा.