काशिरामनं पाहिलेला उजेड

खाडीवर निळा उजेड तरंगताना पाहिला, असं काशिराम सांगत सुटला आणि साऱ्या बेलपाड्याला फुकटची करमणूक मिळाली. चहाच्या टपरीवर विचारणा व्हायची, "काय काका, परग्रहावरचे पाहुणे जेवून गेले का?" बिचारा मेटाकुटीला आला होता. त्यामुळे अनोळखी उडत्या वस्तूंचा तपास करणाऱ्या सरकारी पथकातल्या भावना मॅडम घरी आल्या, तेव्हा त्यानं ठेवणीतला सदरा घातला. आता सरकारच काय ते खरं-खोटं करणार होतं.

"कुठून पाहिलात उजेड?"

"गच्चीवरनं," काशिराम म्हणाला. बायको वेणूकडे बघायचं त्यानं टाळलं.

कारण तो होता खाडीच्या चिखलात. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून वेणूनं त्याला चिखलात पाय टाकायची सक्त मनाई केली होती. पण निवट्या म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि चिखलातल्या बिळात हात घालून ती मासळी धरणं हा याचा जन्माचा नाद. संध्याकाळी गुपचूप जायचं, हातपाय धुऊन यायचं आणि बाजारातून आणल्या म्हणून ठोकून द्यायचं, असं चाललं होतं.

मॅडम गच्ची बघून आल्या. "काका, तिथून खाडी दिसतच नाही. मध्ये टॉवर आहे." आवाज मऊ होता, पण त्या सामान आवरू लागल्या.

काशिरामचं तोंड एवढंसं झालं. गावभर खोटारडा ठरण्यापेक्षा वेणूच्या शिव्या परवडल्या. "चिखलात व्हतो," तो पुटपुटला. "निवट्या धरीत."

मॅडम थांबल्या. "मग तुम्ही सांगताय ती दिशा जुळते. पण एकाच जागेवरून उंची काढता येत नाही. दुसरीकडून कुणी पाहिला असता तर…"

"मी पायला," वेणू म्हणाली. "बांधावरनं."

काशिराम चाट पडला. "तू तिथं काय करत व्हतीस?"

"रोज येते तुमच्या मागं. छाती उघडून शिवलेला मानूस एकटा कसा सोडू?"

"मंग सारं गाव हसत व्हतं तवा का नाय बोललीस?"

"बोलले असते तर तुमाला अडवाया लागलं असतं. तुमी निवट्या घेऊन आलात की तोंड कसं फुलतं तुमचं!"

मॅडमनी हळूच विचारलं, "काकू, आधी काय दिसलं?"

"यांचं तोंड. निळं पडलेलं," वेणू म्हणाली. "मना वाटलं, गेला माजा मानूस. धावले. मंग वर बगितला."

उजेड कशाचा, ते पथकाला अजून शोधायचंच होतं. काशिराम मात्र खाली मान घालून म्हणाला, "उद्यापासनं बाजारातल्याच आणतो. खरंच."

"नको," वेणू म्हणाली. "तुमी जावा. मी आता जवळच बसते."