कुंडीतली तार

बॅरिस्टर वागळ्यांचं नाव निघालं, की मला अजून शिसारी येते. बावन्न सालच्या मे महिन्यात ते बायकोला घेऊन, मोटारीमागे पत्र्याचं चाकांवरचं घर ओढत मुंबईहून आले आणि राजोडीच्या सुरूच्या बनात त्यांनी ते उभं केलं. आत पलंग, स्टोव्ह आणि बॅटरीवरचा रेडिओ. रेडिओची एरियल बांधली सगळ्यांत उंच ताडाला!

मी सांडोरचा रेडिओवाला. म्हटलं, "साहेब, वीज ताडावरच पडते. तिला जमिनीत वाट दिली नाही, तर ती घरात शिरेल."

मी एरियलपासून जाड तार खाली आणली, दाराशी कमरेइतका खड्डा खणला आणि तांब्याच्या पत्र्याला जोडून ती पुरली. "इथे रोज दोन बादल्या पाणी ओता. ओल हवीच," असं बजावलं.

आठवड्याने वीज पडली. नवरा-बायको समुद्रावर होते म्हणून वाचले. मी धावत गेलो. रेडिओचा कोळसा झाला होता, गादी धुमसत होती. दाराशी ओल कसली, गुळगुळीत फरशी होती! माझी तार कापून रंगवलेल्या कुंडीत, जास्वंदीच्या मुळाशी खोचली होती. कुंडीच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या.

"चिखलाने हिच्या सपाता खराब व्हायच्या," बॅरिस्टर म्हणाले. "आणि कुंडीतही मातीच होती की. पाणीही रोज घालत होतो."

"अहो, वीज रिचवायला अख्खी जमीन लागते!" मी ओरडलो.

त्यांनी ठिकऱ्यांकडे पाहून समजूतदारपणे मान डोलावली.

"म्हणजे कुंडी लहान पडली."