दोऱ्याने बांधलेली दोन अक्षरं

पेटीच्या कुलपाला पाच पितळी चकत्या होत्या आणि चकत्यांवर अक्षरं. बायको जाऊन वर्ष झालं, तरी म्हाताऱ्या कंपोझिटरने त्या कुलपाला हात लावला नव्हता. ते उघडायची युक्ती ती इस्पितळात सांगून गेली होती, पण अर्धीच. "घरातल्या पाच जणांची पहिली अक्षरं, प्रत्येक एकदाच. आणि आपण दोघं शेजारी-शेजारी." पुढे तिला धाप लागली.

ते शेवटचं वाक्य त्याने जिवापाड जपलं होतं. कारण शेवटची दोन वर्षं ती दुसऱ्या खोलीत झोपायची. "तुमच्या खोकल्याने डोळ्याला डोळा लागत नाही," म्हणायची. खरंच खोकला, की आणखी काही, हे विचारायचं राहून गेलं.

सोमवारी त्याने पेटी पुढ्यात ओढली. पाच अक्षरांच्या एकशेवीस रांगा होतात, पण दोघं शेजारी म्हटल्यावर काम हलकं झालं. छापखान्यात अक्षरांचे जे दोन खिळे कायम जोडीने लागत, ते तो दोऱ्याने बांधून ठेवी आणि एकच खिळा समजे. तसाच त्याने आपला 'म' आणि तिचा 'स' मनातल्या मनात बांधला. उरले चार नग: ही जोडी आणि तीन मुलं. चार नगांच्या रांगा चोवीस. रोज सहाच, कारण चकत्या आखडलेल्या आणि बोटंही. सोमवारी जोडी सगळ्यांच्या पुढे, मंगळवारी एका मुलाच्या मागे, बुधवारी दोघांच्या, गुरुवारी तिघांच्या.

चोविसावी रांग लावली. कुलूप ढिम्म.

त्या दिवशी तो जेवला नाही. राहिल्या शहाण्णव रांगा, आणि त्याच्या हिशेबाने त्या सगळ्यांत ती दोघं लांब-लांब होती. म्हणजे ती नुसती समजूत घालून गेली.

शुक्रवारी दुपारी वसतिगृहातून नातीचा नेहमीचा फोन आला.

"आजोबा, आवाज का पडलाय?"

त्याने सगळं सांगितलं.

"चोवीस कुठले? अठ्ठेचाळीस! परवाच शिकवलं आम्हाला."

"चिंगे, चार नग आहेत. जन्मभर अक्षरं जुळवली मी, मला शिकवतेस होय?"

"नग बरोबर. पण गाठोड्यात पुढे कोण?"

"मी. मग ती."

"का?"

"का म्हणजे?" तो अडखळला. दारावरच्या पाटीवर तो आधी. रस्त्याने चालतानाही तोच चार पावलं पुढे. "असंच असतं."

"आजीला विचारलं होतंत?" ती हसली. "गाठोडं उलटं करा. अजून चोवीस आहेत. पळते, तास आहे."

त्याने 'स' पुढे घेतला. त्या दिवशी सहावर थांबला नाही. बोटं ठणकत होती. एकोणिसाव्या खेपेला कडी सुटली.

र, न, क, स, म. तिन्ही मुलं जन्माच्या क्रमाने, त्यांच्या मागे ती, आणि तिला अगदी चिकटून तो. घर रिकामंही याच क्रमाने झालं होतं. राहिला होता फक्त 'म'.

पेटीत बटणं, रिळं आणि तिचा जुना चष्मा.

"अगं, उघडलं गं!" त्याने दुसऱ्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. हाकेने खोकल्याची उबळ आली, आणि सवयीने त्याने तोंडावर घट्ट हात धरला.