पुलावरची लाल-हिरवी पाटी

मित्रांनो, माझ्या एका अंगावर आज थोडा लाल रंग उरला आहे आणि दुसऱ्या अंगावर थोडा हिरवा. बाकी सगळा गंज. मी एक जुनी, गोल, पत्र्याची पाटी आहे. पण एकेकाळी माझ्या एका गिरकीवर शंभर बैलबंड्या थांबत आणि शंभर निघत.

अकोल्याच्या कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नाला होता. त्यावरचा पूल इतका अरुंद, की एका वेळी एकच बंडी जाई. हंगामात खेड्यांकडून कापसाच्या बंड्या येत, शहराकडून टांगे, माणसे नेणाऱ्या हलक्या दमण्या आणि एखादी मोटार. मधोमध गाठ पडली की मागे कोणी सरायचे, या वादात दुपार होई. म्हणून मला घडवले. लोहाराने पत्रा कापला, रंगाऱ्याने तेलात कालवलेला रंग दिला आणि कठड्याच्या मध्यावर मला खांबाला बसवले. मूठ फिरवली की मी फिरे. लाल दिसेल त्याने थांबायचे, हिरवे दिसेल त्याने निघायचे.

मूठ जानराव शिपायाच्या हाती होती. शहरात दवंडी पिटली होती, त्यामुळे टांगेवाल्यांना नियम ठाऊक होता. खेड्यांत मात्र कोणी सांगितलेच नव्हते.

पहिल्याच सकाळी पुलाच्या तोंडाशी फुले विकणाऱ्या पार्बताबाईने माझे लाल अंग पाहिले. शेंदरासारखा रंग, गोल आकार. तिने झेंडूचा हार आणला आणि लाल बाजूच्या खिळ्याला अडकवला.

"मावशी, अवं देव नोय तो, सरकारी पाटी हाय!" जानराव ओरडला.

"असू दे नं बापा. सरकारनं बसवला म्हून काय झालं?"

मग गंमत झाली. बंडीवाल्यांना लाल अंग दिसले की ते हात जोडत आणि देव समोर आहे म्हणून खुशाल पुलावर येत. पलीकडच्या टांग्यांना त्याच वेळी हिरवे दिसे, तेही निघत. मधोमध गाठ! जानरावाने मला फिरवले, की टांगे लाल पाहून थांबत. आणि बंडीवालेही थांबत.

"अरे, निघा नं!" जानराव विनवी.

"देवानं पाठ केली नं, शिपाईदादा. समोर कसं जाचं?"

जानरावाने एकेकाला समजावले. ते मान डोलवत आणि जाता जाता मला नमस्कार करत. अब्दुल रहीम टांगेवाला तर रोज टोमणा मारी, "जानरावभाऊ, तुमच्या देवानं माह्या घोड्याले उलटं चालाले शिकवलं!"

आठवड्याने हुकूम आला. पुढच्या सोमवारी मोठे साहेब पाहणीला येतील. पूल तुंबलेला दिसला तर पाटी निघेल आणि जानरावाची बदली मेळघाटात होईल. त्या दुपारी जानरावाने डबा उघडलाच नाही.

"काहून रे, जेवत नाईस?" पार्बताबाईने विचारले.

"माही शकुन चौथीत हाय, मावशी. वर्गात पहिली. तिकडं पोरींची शाळा नाई. तिचं शिकणं इथंच संपते."

पार्बताबाई उठून माझ्यापाशी आली आणि लाल बाजूचा हार काढला. "मीच घातला, मीच काढतो," म्हणाली, आणि तो त्याच आरपार खिळ्याला हिरव्या बाजूने अडकवला.

पुढची बंडी आली. गाडीवानाला माझे लाल अंग दिसले, पण हार नव्हता. त्याने कासरा ओढला. जानरावाने मूठ फिरवली. हिरव्यावर झेंडू झळकला. गाडीवान चकित झाला.

"हिरवा देव कसा काय, माय?"

"पीकपाणी चांगलं हाय औंदा," पार्बताबाई म्हणाली. "हाक बैलं!"

सोमवारी साहेब घड्याळ घेऊन तासभर उभे राहिले. एकदाही गाठ पडली नाही. शेवटी त्यांनी छडी हाराकडे रोखली.

"ते काय आहे?"

"साहेब, ज्याईले नियम सांगतला नाई, त्याईच्यासाठी खूण हाय."

साहेबांनी वहीत काहीतरी टिपले आणि ते निघून गेले. चार दिवसांनी लेखी हुकूम आला: पाटीच्या हिरव्या बाजूस दररोज ताजी फुले लावावीत. अब्दुल रहीमने तो हुकूम तीनदा वाचून घेतला आणि तिन्ही वेळा पोट धरून हसला.

किती हंगाम गेले! बंडीवाले नियम शिकले, तरी हार चुकला नाही. मग पार्बताबाई येईनाशी झाली. जानराव निवृत्त झाला. लॉऱ्या वाढल्या, शेजारी रुंद पूल झाला आणि मला उपटून भंगारात टाकले. चार पावसाळे मी तिथे उताणी पडून होते. माझा खिळा तेवढा शाबूत राहिला.

एके दिवशी एक शिक्षिका मला शाळेसाठी मागणारा अर्ज घेऊन आली. तिने पदराने माझा गंज पुसला आणि खिळ्यावरून बोट फिरवले. ती जानरावाची शकुन होती.

आता मी तिच्या शाळेच्या अरुंद जिन्यापाशी असते. खाली येणाऱ्या मुली आणि वर जाणाऱ्या मुली माझ्याकडे पाहून थांबतात, निघतात. मित्रांनो, पावसाळ्याआधी मला थोडा रंग द्या, एवढेच मागणे. आणि थांबावे लागले तर चिडू नका. माझे लाल अंग तुमच्याकडे असते, तेव्हा पलीकडे कोणाला तरी हिरवे दिसत असते.