बाबांनी काढलेल्या चुका

आईचा व्हेंटिलेटर काढण्याच्या कागदावर सही मी केली. बाबा बाहेर बाकावर बसून राहिले होते. त्यानंतर अकरा महिने ते माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. गॅस संपला तर चिठ्ठी लिहून ठेवायचे.

बाबा निवृत्त लिफ्ट-तपासनीस. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात गेलेलं. दोन समुपदेशकांना त्यांनी एकेका बैठकीत निकालात काढलं होतं. तिसऱ्या समुपदेशक बाईंकडे मी त्यांना कसंबसं नेलं. मीही आत बसायचं, साक्षीदार म्हणून, ही त्यांची अट. बाईंनी ती मान्य केली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाल्या की, तुम्हाला मुलीचा राग आलाय. बाबा छत्री उचलून चालू पडले.

पुढच्या आठवड्यात ते आले, ते बाईंना सुनवायलाच. पण बाईच आधी बोलल्या. "मागच्या वेळी मी घाई केली. तुमचं ऐकायच्या आधीच निष्कर्ष काढून मोकळी झाले. आणखी कुठे चुकले?"

बाबा गडबडले. आपला बिघाड आपणहून दाखवणारं माणूस त्यांना नोकरीत क्वचितच भेटलं असावं. मग त्यांनी खिशातून कागद काढला. खुर्ची डुगडुगते. घड्याळ मागे पडलंय. नंदीबैलासारखी मान फार डोलावता. बाईंना हसू फुटलं, पण त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मान नाही डोलवायची तर काय करू, असं विचारलं. "गप्प बसून ऐका," बाबा म्हणाले.

त्या ऐकू लागल्या. दर बैठकीची सुरुवात बाईंच्या चुकांनी व्हायची, आणि यादी आखडत चालली. सहाव्या खेपेला एकच उरली.

"मला हिचा राग आलाय म्हणालात, ते चूक. सही मी करायला हवी होती. हात उचलेना, म्हणून पोरीला पुढे केलं. तेव्हापासून तिच्याकडे बघवत नाही."

बाईंनी आपली खुर्ची मागे सरकवली. आता बाबांसमोर मीच होते.

"तुझ्यावर ढकललं गं मी," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला.

गेल्या महिन्यात बाबा गेले. आज मी बाईंना सांगायला गेले, तेव्हा आभाराचे शब्द घरून जुळवून नेले होते. त्यातला एकही आठवला नाही. "बाई, तीन वर्षं मिळाली आम्हाला," एवढंच मी म्हणाले. "रोज बोलत होते माझ्याशी."