भुवया आणि बेरीज

जी आई आपल्याच लेकराची गुरू होते, तिच्यावर दोन ऋणे एकाच वेळी येतात, आणि ती दोन्ही नेहमी एकाच दिशेला चालतात असे नाही. गुरूला शिष्याकडे त्याच्या उणिवेसह पाहावे लागते. आईला तर ती उणीव पाहवत नाही. शाळेत हा भार वाटला जातो: शिकवणारा निराळा, पारखणारा निराळा, आणि संध्याकाळी कुशीत घेणारे माणूस या दोघांहून निराळे. घरशाळेत ही तिन्ही कामे एकाच बाईच्या वाट्याला येतात, आणि त्यातली कुशीत घेणारी बाकीच्या दोघींवर कधी मात करते, हे तिचे तिलाही उमगत नाही. हा तिचा दोष म्हणावा तर तो मायेतून उपजलेला. आणि मायेतून उपजलेला दोष ओळखायला फार कठीण असतो.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एल्म फोर्क गावच्या कोरिन हाउगेनला या गोष्टीची गंधवार्ताही नव्हती. मे महिन्याच्या त्या शनिवारी ती आपल्या सहा वर्षांच्या टिल्डाचा हात धरून चर्चच्या तळघरात उतरली, तेव्हा तिच्या मनात एकच चिंता होती: अंकगणिताचे पुस्तक पुन्हा बदलायचे. घरशाळा चालवणारी पंचक्रोशीतील कुटुंबे दर वसंतात तेथे वापरून झालेल्या पुस्तकांचा बाजार मांडीत. कोरिन या मंडळींत आदल्या शरद ऋतूत आली होती. हा तिचा पहिलाच बाजार.

थंडी सुरू झाल्यापासून तिने दोन अभ्यासक्रम आणून टाकले होते. पहिल्यात पानोपानी नुसत्या बेरजा होत्या, त्याला टिल्डा कंटाळली. दुसऱ्यात एक कोल्हा गोष्टी सांगत गणिते घाली. त्या पुस्तकाबरोबर पातळी ठरवणारी चाचणी आली होती. तीत टिल्डाचे एकही उत्तर चुकले नाही, आणि चाचणीच्या निकालाप्रमाणे कोरिनने थेट दुसऱ्या पातळीचे पुस्तक मागवले. बहिणीला फोन करून सांगितले. नवरा वेंडेल, तो धान्याच्या कोठारावर चार माणसांत सांगून आला. परंतु त्यानंतर विपरीतच घडत गेले. जी पोर सकाळी कोंबड्यांची अंडी मोठ्याने मोजत घरात येई, ती आता खुराड्याच्या दारातून हाक मारी, "आई, तू ये ना, तू असलीस की मला मोजता येतं." आठवड्यापूर्वी तर तिने पेन्सिल खाली ठेवून शांतपणे सांगितले होते की आपल्याला आकडे आवडत नाहीत. हे वाक्य कोरिनने स्वतः बालपणी उच्चारले होते, आणि तेव्हापासून आजवर दुकानाच्या बिलाकडे पाहतानाही तिची छाती धडधडे. ते लेकीच्या तोंडी कायमचे बसू नये, एवढ्यासाठी ती आली होती.

अंकगणिताच्या टेबलामागे रोझालिन प्रुइट मोजा विणत बसली होती. सात मुले घरी शिकवून मोठी केलेली ही बाई. धाकटी तेवढी अजून शिकत होती.

"ये गं ये. यंदाचं हे तिसरं ना?" रोझालिन म्हणाली. "तुझ्या फळीवर माझ्या टेबलापेक्षा जास्त पुस्तकं असतील."

"हसा तुम्ही. मला दुसऱ्या पातळीचंच हवंय, पण निराळं. आईनं काय बोलायचं ते शब्दाशब्दानं लिहिलेलं असतं ना, तसलं."

"का? तुझी जीभ कुठे गेली?"

"गणित आलं की ती टाळ्याला चिकटते."

रोझालिन हसली नाही. "पातळीची चाचणी कोणी घेतली?"

"मीच. दुसरं कोण घेणार? स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो दोघी. एक चुकलं नाही तिचं."

"बरं. आता चाचणीचं एक पान मी घेते. तू जा, कॉफी घे. रुबार्बच्या आंबटगोड वड्या आहेत तिथे, लगेच संपतील."

"मी इथेच उभी राहते. अगदी गप्प."

"गप्प राहशील गं. दिसायची थांबशील का? जा. आमच्याकडे पद्धतच आहे, आपल्या पोराचं पान आपण घ्यायचं नाही."

ही पद्धत कोरिनने ऐकली होती. दमलेल्या आयांना घटकाभर विसावा मिळावा म्हणून ती असावी, अशी तिची समजूत. ती कॉफीचा पेला घेऊन खांबाआड उभी राहिली. तेथून बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

रोझालिनने विणकामावरून दृष्टी न उचलता विचारले, "पाच आणि तीन किती गं?"

टिल्डाने कागदाकडे पाहिले नाही. बोटेही पुढे केली नाहीत. ती रोझालिनच्या मुखाकडे टक लावून पाहत राहिली.

"सहा," ती म्हणाली, आणि थांबली. "सात." पुन्हा थांबली. "आठ." समोरचा चेहरा तळ्यातील पाण्यासारखा स्थिर. टिल्डाने श्वास घेतला. "नऊ?"

खांबाआड कोरिनच्या हातातील पेला तिरपा झाला. उत्तर आले होते. मुलगी ते ओलांडून पुढे निघून गेली होती.

"दहा?" टिल्डाचा आवाज बारीक झाला. "तुमचा चेहरा काहीच सांगत नाही."

"त्यानं काय सांगायला हवं?"

"आईचा सांगतो. बरोबर आलं की तिच्या भुवया वर जातात."

कोरिनचा हात आपोआप कपाळाशी गेला. जानेवारीतील ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. चाचणीचा कागद टेबलावर पडून होता आणि लेक सारा वेळ आपल्याकडे पाहत होती. किती मायेने पाहते पोर, असे तेव्हा वाटून तिचा ऊर भरून आला होता. तो निकाल तिच्या भुवयांचा होता. क्षणभर तिला वाटले, पुढे जावे, परक्या माणसापुढे पोर बुजते म्हणून सांगावे आणि दुसऱ्या पातळीचे पुस्तक घेऊन घरी जावे. कोणीही अविश्वास दाखवला नसता. पण मग उद्या सकाळी त्या पोरीला पुन्हा आपल्याच तोंडाकडे पाहत बसावे लागेल, हेही तिला त्याच क्षणी दिसले.

ती बाहेर आली, आणि टिल्डा टेबलाच्या टोकाशी गेलेली पाहून हलकेच म्हणाली, "म्हणजे तिला काहीच येत नाही."

"पुष्कळ येतं. सगळा हिवाळा तुझं तोंड वाचत आलीय ती. ते काही सोपं वाचन नाही."

"मी तिला लबाडी शिकवली हो."

"लबाडी कसली? आवडत्या माणसाला खूश करायला शिकली ती. शाळेतल्या बाईंच्या हातून हे होत नाही, त्यांच्यापुढे वर्गभर तोंडं असतात. हे आपल्याच घरात होतं." रोझालिनने दोरा ओढला. "आता बोल, काय देऊ?"

टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक, शब्दाशब्दाने लिहिलेला तो भारदस्त संच. आईने काय विचारावे, मुलाने काय म्हणावे, चुकल्यास आईने काय म्हणावे, सर्व त्यात छापलेले. कोरिनचा तळवा त्याच्या वेष्टनावर विसावला. या पुस्तकाने तिच्या जिभेची भीती खरोखरच दूर झाली असती. परंतु जिभेला वाट दाखवणाऱ्या त्या पानांत भुवयांसाठी एक ओळही नव्हती.

दुसरी, अगदी आरंभीच्या मुलांसाठी असलेली पातळ वही आणि एक ते दहा आकड्यांच्या लांबीच्या रंगीत लाकडी कांड्यांची पेटी. ती टिल्डाने एव्हाना उघडली होती. कोणी सांगितले नव्हते. पांढरी कांडी सर्वांत आखूड, नारिंगी सर्वांत लांब, हे तिच्या हातांना आपोआप कळले. तिने पाचाची पिवळी आणि तिनाची फिकट हिरवी टोकाला टोक लावून ठेवली, आणि त्यांच्या शेजारी आठाची तपकिरी कांडी सरकवली.

कोरिनने ती पाहिली मात्र, आणि तिचा चेहरा उजळू लागल्याचे तिचे तिलाच जाणवले. तिने निग्रहाने तोंड फिरवले आणि शेजारच्या टेबलावरील व्याकरणाच्या पुस्तकांकडे पाहत ती उभी राहिली. इतकी साधी गोष्ट, पण सबंध वर्षात तिने केलेले हे सर्वांत अवघड काम होते.

मग मागे लाकडाच्या टोकांवरून बोट फिरल्याचा अस्फुट आवाज आला.

"सारखे झाले," टिल्डा म्हणाली. त्यात प्रश्न नव्हता. तिने कोणाला विचारले नव्हते, आणि ती लागलीच पुढल्या कांडीच्या शोधात गुंतली.

"ही पेटी द्या," कोरिन व्याकरणाकडे तोंड करूनच म्हणाली.

"आणि शब्द कुठून आणशील?"

"अडखळेन. तेवढ्यात तिचं ती शोधेल." मग वळून तिने विचारले, "महिन्यातून एकदा तुम्ही घ्याल तिचं पान?"

"घेईन की. पण मग माझ्या धाकट्या प्रूडन्सचं तू घे. मी चेहरा आवरायला शिकले, तर ती आता सुयांवर नजर ठेवते. सुया थांबल्या की उत्तर बदलते कार्टी."

दोघी हसल्या, आणि कोरिनच्या खांद्यावरचे काहीतरी त्या हसण्यात उतरले.

टेबले उचलायला पुरुषमंडळी आली, त्यांत वेंडेल होता. "मग, दुसरी घेतलीस की एकदम तिसरी?" त्याने विचारले.

"पहिलीच्याही आधीची."

वेंडेलने पेटीकडे पाहिले, मग बायकोकडे. "अगं, मी कोठारावर सगळ्यांना सांगून बसलोय."

"मग सोमवारी जाऊन हेही सांग."

"तिथले म्हातारे सुगीपर्यंत माझी पाठ सोडायचे नाहीत."

"नको सोडू देत. आधी तिच्याकडे बघ, आणि बोलू नकोस. काही म्हणजे काही बोलू नकोस."

टिल्डा पोटावर पालथी पडून फरशीवर कांड्यांचा जिना रचीत होती. सहावी पायरी तिने ठेवली, ती चुकीची होती. वेंडेलने तोंड उघडले; कोरिनने त्याच्या दंडावर हात ठेवला. पोर क्षणभर पायरीकडे पाहत राहिली, कोणाच्याही मुखाकडे नाही. मग तिने ती कांडी काढली, दुसरी घेतली, मापून पाहिली, आणि ठेवली.

त्या लेकराच्या बोटांना आपले उत्तर आपणच सापडो, आणि चुकल्यावर पुन्हा मांडण्याचा धीर तिला कधी न सोडो. तिच्या मातेला दृष्टी वळवण्याचे बळ लाभो, आणि वळवलेल्या दृष्टीतही माया तशीच नांदो. आणि जेथे जेथे कोणी आपल्याच लेकराची गुरू होऊन बसली असेल, तेथे तिच्या शेजारी एखादी स्थिर मुद्रेची सखी असो. कल्याण असो त्या सर्वांचे.